जस्ताच्या जलीय घटातील कॅथोड-द्रव्ये आणि पाण्याचा वाटा

जस्त आणि मॅंगॅनीज डायऑक्साइड ही जोडी विद्युत्‌घटांच्या इतिहासात सर्वांत दीर्घायुषी ठरली आहे. फ्रेंच अभियंता लेक्लांशे याने १८६६ मध्ये आपला घट पुढे आणला. त्यात नवसागराच्या द्रावणात एका बाजूस जस्ताची कांडी आणि दुसऱ्या बाजूस सच्छिद्र भांड्यात ठासलेले मॅंगॅनीज डायऑक्साइड व कार्बन यांचे मिश्रण होते. पुढे त्या द्रावणाची खळ होऊन कोरडा घट झाला, १९५९ च्या सुमारास अल्कली घट बाजारात आला, आणि हातबत्तीपासून भिंतीवरील घड्याळापर्यंत ही जोडी घरोघर पोचली. मात्र या सर्व घटांचा एक धर्म समान राहिला : घट एकदा संपला की तो टाकून द्यावयाचा. अल्कलीच्या द्रावणात जस्त झिंकेटच्या रूपाने विरघळते, आणि भारणाच्या वेळी ते परत बसते ते मूळच्या जागी व मूळच्या आकारात नव्हे. मॅंगॅनीजचे ऑक्साइडही खोल विसर्जनात अशा संयुगांत जाते की तेथून त्याला मूळ रूपात आणणे कठीण असते. जस्ताचा घट पुनर्भारणक्षम करावयाचा तर अल्कली सोडून सौम्य आम्ल द्रावणाकडे वळावे, ही कल्पना ताकाकाझू यामामोटो आणि ताकायुकी शोजी या जपानी रसायनज्ञांनी १९८६ मध्ये मांडली. त्यांनी झिंक सल्फेटचे पाण्यातील द्रावण वापरले, आणि असा घट पुन्हा पुन्हा भारता येतो असे दाखविले. त्या वेळी या कार्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लिथियमच्या घटांचे युग तेव्हा उंबरठ्यावर उभे होते.

हा विषय पुन्हा वर आला तो २०१२ नंतर. चीनमधील फेइयु कांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी आल्फा प्रकारच्या मॅंगॅनीज डायऑक्साइडचे कॅथोड घेऊन ‘जस्त-आयन घट’ हे नाव प्रचारात आणले. लिथियम-आयन घटात लिथियमचे आयन ज्याप्रमाणे एका अग्रातून निघून दुसऱ्याच्या स्फटिकात शिरतात व भारणाच्या वेळी परततात, त्याचप्रमाणे येथे जस्ताचे आयन ये-जा करतात, असा त्या नावाचा आशय. नाव सुटसुटीत होते आणि लगेच रूढ झाले. परंतु कॅथोडमध्ये खरोखर जस्ताचाच आयन शिरतो काय, हा प्रश्न त्या नावाने सुटला नाही; उलट काही काळ तो झाकला गेला. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे, कारण नवे कॅथोड-द्रव्य शोधण्याची सारी दिशा त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. विद्युत्‌विच्छेदनाच्या पाठ्यपुस्तकांत कॅथोडला ऋणाग्र म्हणण्याचा प्रघात आहे. घटातून प्रवाह घेताना मात्र जेथे क्षपण घडते ते अग्र, म्हणजेच कॅथोड, हे घटाचे धन अग्र असते. भारणाच्या वेळी क्षपणाची जागा बदलते, पण व्यवहारात नाव बदलत नाही. येथे धन अग्राच्या द्रव्यास सर्वत्र कॅथोड-द्रव्य म्हटले आहे.

ऋण अग्र म्हणून जस्ताची योग्यता वादातीत आहे. त्याचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे एका ग्रॅममागे ८२० मिलिअँपिअर-तास इतकी धारणक्षमता मिळते. लिथियम धातूची क्षमता वजनाच्या हिशेबाने ३,८६० म्हणजे कितीतरी अधिक आहे. पण जस्त जड असल्यामुळे आकारमानाच्या हिशेबाने चित्र उलटते : दर घन सेंटिमीटरमागे जस्ताचे सुमारे ५,८५० आणि लिथियमचे सुमारे २,०६० मिलिअँपिअर-तास. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आहे. या विभवाला पाण्यातून हायड्रोजन सुटावयास हवा. तथापि जस्ताच्या पृष्ठावर हायड्रोजन सुटण्याची क्रिया इतकी मंद असते की धातू पाण्यात टिकून राहतो. या मंदपणावरच सर्व जलीय जस्त-घट उभे आहेत. पाण्याचे द्रावण पेट घेत नाही, त्याची विद्युत्‌वाहकता कार्बनी द्रावणांच्या मानाने फार अधिक असते, आणि घट बांधण्यासाठी कोरड्या हवेच्या बंदिस्त खोल्या लागत नाहीत. ज्या ठिकाणी वजनाची फिकीर नाही पण सुरक्षिततेची व किमतीची आहे, उदाहरणार्थ सौर विजेच्या साठवणीत, तेथे हे गुण मोलाचे ठरतात.

अडचण कॅथोडची आहे. ज्याच्या स्फटिकात पाहुणा आयन सहज शिरेल व निघेल, ज्याचा विभव पुरेसा उंच असेल, आणि जो पाण्यात विरघळणार नाही असा पदार्थ हवा. जस्ताच्या आयनाची त्रिज्या ०.७४ अँगस्ट्रॉम असून ती लिथियमच्या आयनाच्या त्रिज्येहून (०.७६) किंचित कमीच आहे. त्यावरून जस्तालाही लिथियमइतकीच मोकळीक मिळेल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु जस्ताच्या आयनावर दुप्पट भार आहे. एवढ्याशा गोलावर दोन धन भार असले की स्फटिकातील ऑक्सिजनचे अणू त्याला जखडून ठेवतात, आणि एका जागेहून दुसऱ्या जागी उडी घेणे त्याला महाग पडते. पाण्यात त्याच्याभोवती सहा जलरेणूंचे घट्ट कवच असते. त्या कवचासह त्याची त्रिज्या सुमारे ४.३ अँगस्ट्रॉम भरते.

आता मॅंगॅनीज डायऑक्साइडच्या रचनेकडे पाहावे. हे एकच संयुग नव्हे, कुटुंब आहे. प्रत्येकात एका मॅंगॅनीजभोवती सहा ऑक्सिजन अशी अष्टफलके असतात. ती परस्परांना कशी जोडली जातात यावर प्रकार ठरतो. बीटा प्रकारात एक गुणिले एक अष्टफलकांचा चिंचोळा बोगदा असून त्याची रुंदी सुमारे २.३ अँगस्ट्रॉम असते. आल्फा प्रकारात दोन गुणिले दोनचा, सुमारे ४.६ अँगस्ट्रॉमचा बोगदा असतो. डेल्टा प्रकारात बोगदा नसून थर असतात व दोन थरांमधील अंतर सुमारे ७ अँगस्ट्रॉम असते. घट-उद्योगात वापरला जाणारा विद्युत्‌विच्छेदनाने केलेला डायऑक्साइड गामा प्रकारचा असून त्यात दोन रचनांची सरमिसळ असते. ८.६ अँगस्ट्रॉम व्यासाचा सजल आयन ४.६ अँगस्ट्रॉमच्या बोगद्यात जाऊ शकत नाही, हे सांगावयास नको. आत जावयाचे तर त्याला जलकवच दारातच उतरवून ठेवावे लागेल, आणि ते उतरविण्यास ऊर्जा लागते. असे असूनही आल्फा प्रकारातून भरघोस विद्युत्‌भार मिळत होता, आणि तोही जलद. या विसंगतीकडे प्रारंभीच्या काळात जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही.

२०१६ साली ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकामेकांशी ताडून पाहिले असता ते फार उद्बोधक ठरतात. पहिला अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतील गटाचा. त्यांनी आल्फा प्रकारच्या सूक्ष्म कांड्या घेतल्या, झिंक सल्फेटच्या द्रावणात थोडे मॅंगॅनीज सल्फेट मिसळले, आणि विसर्जनानंतर कॅथोडची क्ष-किरण विवर्तनाने व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली. कांड्यांमध्ये जस्त आढळले नाही. तेथे आढळले ते मॅंगॅनीजचे ऑक्सिहायड्रॉक्साइड, म्हणजे ज्यात हायड्रोजनचा आयन, अर्थात प्रोटॉन, शिरला आहे असे संयुग. जस्त होते ते कांड्यांच्या बाहेर, मोठाल्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात. आणि ते पापुद्रे क्षारकीय झिंक सल्फेटचे होते. याचा अर्थ असा की पाण्यातून प्रोटॉन कॅथोडमध्ये गेले, मागे उरलेल्या हायड्रॉक्सिल आयनांमुळे कॅथोडलगतचे द्रावण कमी आम्ल झाले, आणि तेथे जस्ताचे क्षारकीय मीठ साक्याच्या रूपाने खाली बसले. भारणाच्या वेळी प्रोटॉन बाहेर पडतात, द्रावण पुन्हा आम्ल होते व साका विरघळतो. या साक्याचा उल्लेख कोरियातील संशोधकांनीही त्याच सुमारास केला होता, आणि द्रावणाच्या पीएच मूल्यातील बदल हेच त्याचे कारण असल्याचे त्यांनी दाखविले होते.

दुसरा निबंध कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील लिंडा नाझर यांच्या गटाचा. त्यांचे द्रव्य व्हॅनेडियम ऑक्साइडचे होते. त्याच्या थरांमध्ये आधीपासूनच थोडे जस्त व पाणी होते. दर ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तासांची क्षमता त्यांना मिळाली आणि एक हजार आवर्तनांनंतर तिच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक शिल्लक राहिली. द्रावणात बुडविल्यावर थरांमध्ये आणखी पाणी शिरून ते एकमेकांपासून दूर सरतात. विसर्जनात जस्त आत येते. तेथील पाण्याचे रेणू जस्ताचा भार काही अंशी झाकतात, त्यामुळे जखडणारी पकड सैल होते. एका द्रव्यात पाण्याने प्रोटॉन पुरविला, दुसऱ्यात त्याने जस्ताची वाट मोकळी केली. पुढे २०१७ मध्ये चुन्शेंग वांग यांच्या गटाने मॅंगॅनीज डायऑक्साइडच्या एका प्रकारात दोन्ही पाहुणे येतात असे दाखविले : विसर्जनाच्या आरंभी, उंच दाबाच्या टप्प्यात प्रोटॉन, आणि नंतर जस्त. २०१८ मध्ये सोडियम व्हॅनडेटवरील कामात व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांतही दोघांचा सहप्रवेश आढळला. दोन निबंधांमध्ये वाटलेली सीमारेषा अशा रीतीने लवकरच पुसट झाली.

पाहुणा कोणताही असो, विद्युत्‌भार मिळाल्याशी कारण, असे कोणी म्हणेल. तसे नाही. हिशेब करून पाहिला म्हणजे भेद ध्यानात येतो. मॅंगॅनीज डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर एका ग्रॅमची क्षमता ३०८ मिलिअँपिअर-तास होते. तेवढ्यासाठी जस्त लागते ०.३८ ग्रॅम. जस्त स्फटिकात शिरत असेल तर ऋण अग्रातून सुटलेले जस्त कॅथोडमध्ये जाते आणि द्रावणाची घडण बदलत नाही. द्रावण केवळ वाहक असते, ते कितीही थोडे असले तरी चालते. प्रोटॉन शिरत असेल तर दर सहा इलेक्ट्रॉनांमागे सहा हायड्रॉक्सिल आयन तयार होतात, आणि ते सुटलेल्या जस्ताच्या तीन आयनांशी व द्रावणातील झिंक सल्फेटच्या एका रेणूशी मिळून साका बनवितात. एका ग्रॅम डायऑक्साइडपुरते पाहिले तर ११.५ मिलिमोल इलेक्ट्रॉनांमागे सुमारे १.९ मिलिमोल झिंक सल्फेट खर्ची पडते. दोन मोलर द्रावणाचा हा जवळजवळ एक घन सेंटिमीटर होय. साक्यात पाच जलरेणू धरले तर पाणीही ०.३८ ग्रॅम, म्हणजे त्या द्रावणातील एकूण पाण्याच्या पाचांपैकी दोन भाग, अडकून पडते. द्रावण येथे वाहक राहिले नाही. ते घटाचे तिसरे क्रियाशील द्रव्य झाले, आणि त्याचे वजन कॅथोड व जस्त यांच्या बरोबरीने मोजावयास हवे.

सरासरी १.३५ व्होल्ट दाब धरला तर वरील एक ग्रॅमपासून ०.४२ वॉट-तास ऊर्जा मिळते. केवळ कॅथोड-द्रव्याच्या वजनाने भागले तर किलोग्रॅममागे ४१६ वॉट-तास. जस्त मिळविले तर सुमारे ३००. अगदी काटेकोर पुरेल इतके द्रावण मिळविले तर सुमारे १६०. विसर्जनाच्या शेवटी सारे सल्फेट संपले तर घट वाहकताच गमावील, म्हणून द्रावण दुप्पट घेतले की आकडा ११० च्या खाली येतो. आणि यात कार्बन, जाळ्या, पडदा व डबी यांचे वजन अद्याप धरलेले नाही. शिसे-आम्ल घटाशी तुलना करता हा आकडाही हिणकस नाही. पण निबंधाच्या सारांशात छापला जाणारा आकडा बहुधा पहिला असतो, आणि पहिला व शेवटचा यांतील अंतर कॅथोडमध्ये कोण शिरते यावर ठरते, हे विद्यार्थ्याने विसरता कामा नये.

तेव्हा निर्णय कसा करावयाचा? विसर्जित कॅथोडमध्ये जस्त सापडले एवढा पुरावा पुरेसा नाही, कारण पृष्ठावरील साक्यातही जस्त असते. नमुना पाण्याने धुऊन वाळविला तरी साका बव्हंशी तसाच राहतो. सौम्य ॲसेटिक अम्लाने तो निघतो, परंतु अम्लामुळे खालच्या ऑक्साइडची अवस्थाही बदलण्याची भीती असते. क्ष-किरण विवर्तन स्फटिकी साक्याच्या रेषा चांगल्या दाखविते. मात्र प्रोटॉन तिला दिसत नाही, त्याचे अस्तित्व जालकाच्या आकारमानातील बदलावरून ताडावे लागते. पाण्याऐवजी ॲसिटोनायट्राइलसारखा निर्जल विद्रावक घेऊन तोच प्रयोग करणे हा एक चांगला मार्ग आहे : क्षमता पार कोसळली तर प्रोटॉनवरील संशय बळावतो. पण निर्जल विद्रावकात पृष्ठाचा रोधही बदलतो, म्हणून हाही पुरावा एकट्याने निर्णायक मानता येत नाही.

क्वार्ट्‌झच्या सूक्ष्मतुलेचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. या उपकरणात कॅथोडचा पातळ थर कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झच्या चकतीवर बसवितात आणि कंपनसंख्येतील बदलावरून त्याचे वजन किती वाढले ते काढतात. दर मोल इलेक्ट्रॉनांमागे प्रोटॉन शिरला तर वजन १ ग्रॅमने वाढावयास हवे, उघडा जस्त-आयन शिरला तर सुमारे ३३ ग्रॅमने. भेद स्पष्ट दिसतो. परंतु प्रोटॉन शिरून चकतीवरच साका बसला तर वाढ सुमारे ९२ ग्रॅम होते, आणि सहा जलरेणूंसह जस्त-आयन शिरला तर सुमारे ८७. या दोन आकड्यांतील फरक प्रयोगातील चुकीच्या मर्यादेत सहज बुडून जातो. म्हणजे परस्परांच्या सर्वस्वी विरुद्ध असलेल्या दोन यंत्रणा तुलेवर जवळजवळ एकच वजन दाखवितात! तुलेच्या जोडीला द्रावणाचे पीएच मूल्य त्याच वेळी मोजले तरच त्या वजनाला अर्थ येतो. या क्षेत्रातील पुष्कळसे मतभेद मोजमापाच्या उणिवेतून नव्हे, एकाच मोजमापावर विसंबण्यातून उद्भवले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅंगॅनीजच्या बाबतीत गुंता येथेच संपत नाही. डायऑक्साइडमधील मॅंगॅनीज चतुःसंयुजी असते. एक इलेक्ट्रॉन घेऊन ते त्रिसंयुजी होते. त्रिसंयुजी मॅंगॅनीजभोवतीचे अष्टफलक एका दिशेने ताणले जाते. यान व टेलर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम होय. पृष्ठाजवळ अशा दोन आयनांपैकी एक परत चतुःसंयुजी व दुसरा द्विसंयुजी होतो, आणि द्विसंयुजी आयन पाण्यात विरघळून जातो. कॅथोड झिजते ते अशा रीतीने. मॅंगॅनीज सल्फेट आधीच द्रावणात घातले तर ही झीज कमी होते. २०१६ च्या अमेरिकन निबंधातील ५,००० आवर्तनांनंतरच्या ९२ टक्के क्षमतेचे श्रेय बऱ्याच अंशी या युक्तीला दिले जाते. पण आता पुष्कळ संशोधक याच्याही पुढे जाऊन म्हणतात की विरघळणे हा दोष नसून तीच मुख्य क्रिया आहे : विसर्जनात डायऑक्साइड चार प्रोटॉन घेऊन विरघळते आणि भारणात परत निक्षेपित होते.

या मताला साध्या हिशेबाचा आधार मिळतो. डायऑक्साइड विरघळण्याच्या या अभिक्रियेचा प्रमाण विभव १.२३ व्होल्ट आहे. दोन इलेक्ट्रॉनांमागे चार प्रोटॉन लागत असल्यामुळे पीएच मूल्य एकाने वाढले की तो ०.११८ व्होल्टने उतरतो. क्षारकीय सल्फेटचा साका साधारणपणे साडेपाचच्या आसपासच्या पीएच मूल्याला बसू लागतो, आणि एकदा तो बसू लागला की पीएच मूल्य तेथेच रोखले जाते. त्या मूल्याला विभव ०.५८ व्होल्टवर येतो. द्रावणात दशांश मोलर मॅंगॅनीज असल्यास त्यात ०.०३ ची भर पडते. जस्ताचे ०.७६ मिळविले की घटाचा दाब सुमारे १.३७ व्होल्ट येतो. प्रयोगात विसर्जनाचे पठार याच परिसरात सापडते. अर्थात आकडा जुळला म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली असे नव्हे, कारण घन अवस्थेतील प्रोटॉन-प्रवेशाचे विभवही फार दूर नाहीत. तरीही पठार इतके सपाट का राहते याचा उलगडा साक्याने रोखून धरलेल्या पीएच मूल्यावरून जितका सहज होतो तितका अन्य प्रकारे होत नाही.

मॅंगॅनीज सल्फेटच्या वापरात एक खाचही आहे, आणि तिच्यात अनेक जण अडखळले आहेत. प्रयोगशाळेत नाण्याच्या आकाराच्या लहान घटात सुमारे ०.१ घन सेंटिमीटर द्रावण असते. त्यात दशांश मोलर मॅंगॅनीज सल्फेट असेल तर त्यातील सर्व मॅंगॅनीज भारणात डायऑक्साइड होऊन बसल्यास ०.५४ मिलिअँपिअर-तास मिळतात. कॅथोड-द्रव्य एकच मिलिग्रॅम असेल तर त्याचा स्वतःचा वाटा ०.३ पेक्षा थोडा अधिक. द्रावणातून आलेली ही मिळकत कॅथोडच्या खात्यावर मांडली की द्रव्याची क्षमता ‘सैद्धांतिक मर्यादेपलीकडे’ गेलेली दिसते, आणि पहिल्या काही डझन आवर्तनांत ती वाढतही जाते. अशी चढती रेषा पाहून द्रव्य हळूहळू क्रियाशील होत आहे असा अर्थ लावण्यात येतो. पुष्कळदा ते द्रव्य नुसते खुंटीचे काम करीत असते. माल द्रावणातून येऊन तिच्यावर लटकतो.

व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांविषयी थोडक्यात सांगता येईल. व्हॅनेडियम पंचसंयुजीपासून त्रिसंयुजीपर्यंत उतरू शकते, म्हणून त्याच्या पेंटॉक्साइडची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅममागे ५८९ मिलिअँपिअर-तास इतकी मोठी आहे. थर लवचिक आहेत आणि आयन जलद फिरतात. परंतु घटाचा दाब सुमारे ०.७ ते ०.८ व्होल्टच मिळतो, व्हॅनेडियम महाग व विषारी आहे, आणि मंद गतीने आवर्तने केल्यास ते पाण्यात विरघळून द्रावणाला पिवळसर छटा आणते. प्रशियन निळ्याच्या कुलातील तांबे किंवा जस्त यांच्या हेक्झासायनोफेरेटांचे दाब सुमारे १.७ व्होल्ट असून पाण्यातील घटाच्या मानाने ते उत्तम आहेत; क्षमता मात्र ६० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास अडते. क्विनोनांसारखी कार्बनी द्रव्येही पुढे आली आहेत. २०१८ मध्ये कॅलिक्स-क्विनोनाने ३३५ मिलिअँपिअर-तासांची नोंद केली. तेथे कार्बोनिल गट आयनाला धरतात, आणि कठीण स्फटिकातून वाट काढण्याचा प्रश्नच उरत नाही. विसर्जित रूपाची विद्राव्यता हा या वर्गाचा मोठा दोष होय.

नवी द्रव्ये घडविण्याचे मार्ग आज ठरून गेल्यासारखे आहेत : थरांमध्ये पोटॅशियम, कॅल्शियम किंवा जस्त यांचे आयन आधीच खांबांप्रमाणे बसविणे, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या ठेवणे, कणांवर कार्बनाचा किंवा वाहक बहुवारिकाचा लेप देणे, द्रावणाची संहती वाढवून मोकळे पाणी कमी करणे. प्रत्येकात तथ्य आहे. परंतु खांब बसविल्याने जस्ताची वाट रुंद झाली की प्रोटॉनची, आणि रिकाम्या जागांनी पकड सैल केली की पृष्ठावर विरघळण्यास वाव दिला, हे न तपासता केवळ आवर्तनांची संख्या देण्याची प्रथा पडली आहे. ती संख्याही नीट वाचावयास हवी. वीसपट गतीने केलेल्या ५,००० आवर्तनांना अवघे २१ दिवस लागतात, कारण प्रत्येक आवर्तन सहा मिनिटांचे असते. विरघळण्याची क्रिया आवर्तने मोजत नाही, ती वेळ मोजते. सौर विजेच्या साठवणीत घटाला दिवसातून एकदाच आवर्तन करावे लागेल, आणि तेथे हजार आवर्तने म्हणजे पावणेतीन वर्षे होत.

ऋण अग्राच्या बाजूनेही असेच झाकले जाते. शंभर मायक्रॉन जाडीच्या जस्ताच्या पत्र्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५८ मिलिअँपिअर-तास साठलेले असतात. समोर दोन मिलिग्रॅम कॅथोड-द्रव्य असेल तर त्याला फार तर ०.६ लागतात, म्हणजे जस्ताचा शंभरावा भाग वापरात येतो आणि उरलेले नव्व्याण्णव भाग प्रत्येक आवर्तनातील नुकसान निमूटपणे भरून काढतात. द्रावणाचे तसेच : वरील ०.१ घन सेंटिमीटर दोन मिलिग्रॅममागे म्हणजे एका ग्रॅममागे ५० घन सेंटिमीटर, आणि गरज होती एकाची. अशा घटात प्रोटॉनचा मार्ग व जस्ताचा मार्ग यांतील फरक दिसणारच नाही. द्रावण दोन घन सेंटिमीटरवर आणले की पहिल्या काही आवर्तनांतच तो आपोआप उघडा पडेल. कॅथोडमध्ये कोण शिरते हे शोधण्याची ही स्वस्तात स्वस्त कसोटी असून तिच्यासाठी तराजू व पिचकारी यांपलीकडे साधन लागत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मॅंगॅनीजचा मार्ग अधिक जवळचा आहे. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून निघणारे डायऑक्साइडयुक्त खनिज कोरड्या घटांच्या उद्योगात वापरले जाते, आणि विद्युत्‌विच्छेदनाने डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही तेथे आहे. हे द्रव्य गामा प्रकारचे असून नियतकालिकांत गाजणाऱ्या सूक्ष्म कांड्यांच्या मानाने ओबडधोबड असते. परंतु विरघळून पुन्हा बसणे हीच मुख्य क्रिया असेल तर पहिल्या रचनेला फारसे महत्त्व उरत नाही. पाच-दहा आवर्तनांनंतर कॅथोडवर जे बसलेले असते ते आल्फाही नसते आणि गामाही नसते, द्रावणाने आपल्या अटींवर घडविलेले दुसरेच काही असते.

ही क्रिया उघडपणे मान्य करून घट बांधण्याचा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. त्यात द्रावण बुद्ध्याच अधिक आम्ल ठेवले होते. डायऑक्साइड पूर्णपणे विरघळते व कार्बनाच्या तंतूंवर परत बसते. दोन्ही इलेक्ट्रॉन उपयोगात येत असल्याने सैद्धांतिक क्षमता ६१६ मिलिअँपिअर-तासांवर जाते, आणि विसर्जनाचा दाब १.९५ व्होल्टपर्यंत चढला. क्षारकीय साका बसत नाही, म्हणून झिंक सल्फेट अडकून पडत नाही. मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे दोन प्रोटॉन खर्च होतात, तेव्हा अम्लाचा साठा पुरेसा ठेवावा लागतो. तोच अम्लाचा साठा समोरच्या जस्ताला खातो व हायड्रोजन सोडतो. दोन अग्रांभोवती दोन भिन्न द्रावणे ठेवून मध्ये आयननिवडक पडदा घालणे हा त्यावरील उपाय सध्या अभ्यासला जात आहे. पडद्याचा रोध, त्यातून झिरपणारे प्रोटॉन आणि त्याची किंमत यांचा हिशेब त्या घटाच्या वजनात अद्याप मिळवावयाचा आहे.